मत तुमचे, पण शेत कोणाचे? वेल्समधील १८६८ सालाचा धडा

निकालानंतरच्या आठवड्यात आमचा अभ्यासवर्ग होता. विषय ठरला होता बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण. पण चर्चा सुरू होण्याआधीच एका खेड्यातून आलेल्या तरुणाने मोबाईल पुढे केला. त्यावर त्याच्या गावचा केंद्रनिहाय मतांचा तक्ता होता. वस्तीतील लोकांची नावे ज्या मतदान केंद्रावर आहेत, त्या केंद्राच्या आकड्याभोवती कोणीतरी लाल गोल काढला होता. खाली लिहिले होते, "यांच्याकडे आता बघू." हा तक्ता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. चार दिवसांत वस्तीतल्या बायांना खुरपणीला बोलावणे बंद झाले.

तो तरुण म्हणाला, "दादा, मत गुप्त असते असे तुम्ही शिकवता. मग यांना कळले कसे?"

दुसरा लगेच म्हणाला, "कळले तर कळले. मत देऊन तरी काय मिळते?"

हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांना घोषणांनी उत्तर देता येत नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही दूरच्या एका छोट्या देशातील एका वर्षाची हकीकत सांगितली. देश वेल्स, वर्ष १८६८. ब्रिटिश साम्राज्याच्या पोटातला, इंग्लंडला चिकटलेला, तेव्हा जेमतेम तेरा-चौदा लाख लोकवस्तीचा हा प्रदेश. तिथल्या कुळांनी त्या वर्षी जमीनदाराच्या विरोधात मत दिले आणि त्याची किंमत घर आणि शेत देऊन चुकवली. तीच हकीकत इथे सविस्तर मांडत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वेल्सच्या शेतकऱ्याला आम्ही अस्पृश्य म्हणत नाही. त्याच्या सावलीचा कोणाला विटाळ होत नव्हता, पाणवठा त्याला बंद नव्हता. जातिव्यवस्थेची तुलना कोणत्याही दुःखाशी सरसकट करणे हा आपल्याच इतिहासाचा अपमान आहे. पण ज्याच्या हातात मत आहे आणि ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातात आहे, अशा माणसाचे काय होते, हा प्रश्न तिथेही होता आणि इथेही आहे. तुलना तेवढ्यापुरतीच.

जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा

एकोणिसाव्या शतकातील वेल्सचा ग्रामीण समाज दोन तुकड्यांत विभागलेला होता. जमीन मूठभर घराण्यांकडे होती. ही घराणी बहुतेक इंग्रजी बोलणारी, सरकारी मान्यतेच्या अँग्लिकन चर्चची आणि राजकारणात टोरी पक्षाची. शेत कसणारे लोक वेल्श बोलणारे. ते सरकारी चर्चमध्ये जात नसत. गावोगावी स्वतःच्या वर्गणीतून बांधलेल्या चॅपेलमध्ये जमत. त्यांना नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणत. १८५१ मध्ये धर्माची गणना झाली, तेव्हा प्रार्थनेला जाणाऱ्या दर पाच वेल्श माणसांपैकी सुमारे चार जण अशा चॅपेलमध्ये जात असल्याचे दिसून आले.

तरीही दशमांश कर भरायचा तो अल्पसंख्यांच्या चर्चसाठी. सरकारी चर्चच्या डागडुजीची पट्टी सक्तीने वसूल करण्याची पद्धत तर कायद्याने बंद झाली ती याच १८६८ साली. ज्या मंदिरात आपण जात नाही त्या मंदिराचा खर्च आपण का उचलायचा, हा प्रश्न आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या लोकांकडे बघण्याची राज्यकर्त्यांची नजरही नोंदवली पाहिजे. १८४७ मध्ये लंडनच्या संसदेकडे वेल्समधील शिक्षणाचा अहवाल सादर झाला. अहवाल तयार करणारे तिन्ही आयुक्त अँग्लिकन आणि वेल्श भाषा न येणारे. शाळांची दुरवस्था त्यांनी नोंदवली, ती खरी होती. पण त्यापुढे जाऊन त्यांनी या लोकांना मागास आणि अनीतिमान ठरवले आणि दोष त्यांच्या भाषेवर आणि चॅपेलवर टाकला. वेल्समध्ये तो अहवाल 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून ओळखला जातो. शोषिताची दुरवस्था मोजायची आणि तिचे कारण त्याच्याच स्वभावात शोधायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

त्या अपमानाने वेल्श समाज ढवळून निघाला. वेल्श वर्तमानपत्रे वाढली. डेन्बी गावचे थॉमस गी यांचे 'बानेर आक अमसेराय कम्री' हे पत्र १८५९ पासून शेतकऱ्यांच्या घराघरात राजकारण पोहोचवू लागले. भाषा होती, चॅपेल होते, पत्र होते. नव्हते ते मत आणि जमीन.

मत मोठ्याने सांगायचे

त्या काळचे मतदान कसे होते हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. मतपत्रिका नव्हती, पेटी नव्हती, पडदा नव्हता. मतदार सर्वांसमक्ष उभा राही आणि कोणाला मत देतो ते तोंडाने सांगे. कारकून ते वहीत लिहून घेई. मतदाराचे नाव आणि त्याने कोणाला मत दिले याची ती वही अनेक मतदारसंघांत नंतर छापून विकली जाई. म्हणजे जमीनदाराला हेर ठेवण्याची गरज नव्हती. दुकानातून वही विकत आणली की काम झाले.

आणि कूळ कोण होते? बहुतेक कुळे सालाच्या कराराने जमीन कसत. जमीनदाराने नोटीस दिली की मुदत संपताच शेत आणि राहते घर दोन्ही सोडायचे. बापाने आणि आजोबाने दगड वेचून, चर खणून, चुना घालून जी जमीन पिकाऊ केली, तिची वाढलेली किंमत जमीनदाराची. भरपाईचा हक्क कायद्यात नव्हता.

याची चुणूक १८५९ मध्ये मेरियोनेथ जिल्ह्यात दिसली होती. तिथे टोरी उमेदवार थोडक्या मतांनी जिंकला. तरीही बाला गावाच्या आसपासच्या ज्या कुळांनी विरोधात मत दिले किंवा मतदानालाच गेले नाहीत, त्यांना नोटिसा गेल्या. मायकल डी. जोन्स या धर्मोपदेशकाच्या आईचेही शेत त्यात गेले. पुढे १८६५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियात वेल्श वसाहत उभारण्यासाठी जे सुमारे दीडशे लोक जहाजाने गेले, त्या योजनेचा प्रमुख प्रवर्तक हाच जोन्स. आपल्या देशात स्वाभिमानाने राहता येत नाही म्हणून देशच सोडायचा, इथपर्यंत विचार गेला होता. ती पॅटागोनियाची भूमी रिकामी नव्हती, तिथे मूळचे तेहुएल्चे लोक राहत होते, हेही विसरता येणार नाही.

१८६८: लोखंडाच्या भट्ट्यांचे गाव

१८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरांतील घरमालक आणि भाडेकरू कामगारांना मत मिळाले. दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिल हा लोखंड आणि कोळशाचा मतदारसंघ. तिथे मतदारांची संख्या सुमारे १,४०० वरून एकदम साडेचौदा हजारांवर गेली. दहापट! आणि एका जागेऐवजी दोन जागा मिळाल्या.

तिथला जुना खासदार हेन्री ऑस्टिन ब्रूस हा लिबरल पक्षाचाच, सभ्य, शिकलेला, शिक्षणाबद्दल कळकळ असणारा. पण तो कारखानदारांच्या वर्तुळातला होता आणि खाणीतील दुपाळी कामाच्या प्रश्नावर मजुरांना तो आपला वाटत नव्हता. त्याच्यासमोर उभे राहिले हेन्री रिचर्ड. जन्म १८१२, ट्रेगॅरन या खेड्यात. तरुणपणी कापडाच्या दुकानात उमेदवारी, मग धर्मोपदेशक, मग लंडनच्या शांतता संघटनेचे चिटणीस. १८६६ मध्ये वेल्सच्या सामाजिक आणि राजकीय स्थितीवर त्यांनी वर्तमानपत्रात पत्रमाला लिहून जमीनदार आणि कूळ यांच्यातील राजकीय गुलामीचे वर्णन इंग्रजी वाचकांसमोर ठेवले होते.

प्रचारात रिचर्ड यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. ही भाषा बोलणारे, ही पुस्तके वाचणारे, ही चॅपेल बांधणारे आणि ही संपत्ती निर्माण करणारे लोक म्हणजेच वेल्स. मूठभर मालक म्हणजे वेल्स नाही.

निकाल लागला. रिचर्ड ११,६८३. कारखानदार रिचर्ड फॉदरगिल ७,४३९. ब्रूस ५,७७६. ब्रूस हरले. पण पराभूत ब्रूस थोड्याच दिवसांत ग्लॅडस्टन मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले आणि दुसऱ्या मतदारसंघातून संसदेत आले. आणि दुसऱ्या जागेवर मजुरांच्या मतांनी निवडून आला तो एक लोखंड कारखान्याचा मालकच. म्हणून या निकालाला आम्ही क्रांती म्हणत नाही. पण कोणाच्याही जमिनीवर न राहणारा, संघटित असलेला मजूर हजारोंच्या संख्येने मतदान करतो तेव्हा 'आपला माणूस' पहिल्या क्रमांकाने निवडून आणू शकतो, एवढे मर्थरने दाखवले.

आणि खेड्यात?

ग्रामीण जिल्ह्यांत वार्षिक १२ पौंड मूल्याची जमीन कसणाऱ्या कुळालाही आता मत होते. तिथे मत देणे म्हणजे मालकाच्या कारभाऱ्याच्या डोळ्यांदेखत मालकाच्या विरोधात बोलणे. तरीही कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायरमध्ये लिबरल उमेदवार निवडून आले. उत्तरेकडे कार्नारव्हनशायरमध्ये तर पेनरिनच्या लॉर्डचा मुलगा पडला.

हे पेनरिन घराणे कोण, तेही माहीत असावे. जमैकातील उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमातून या घराण्याची संपत्ती उभी राहिली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली तेव्हा ७६४ गुलाम माणसांच्या 'मालकी'बद्दल या घराण्याला १४,६८३ पौंड सरकारी भरपाई मिळाली. गुलामांना काय मिळाले? काही नाही. त्याच घराण्याच्या स्लेटच्या खाणीत हजारो वेल्श कामगार राबत होते आणि त्यांच्या मतावरही मालकाचा हक्क आहे असे समजले जात होते. एका खंडात माणसाची मालकी, दुसऱ्या खंडात मताची मालकी. वेल्श माणूसही साम्राज्याचा भाग होता, पण साम्राज्याची मलई कोणाच्या ताटात पडत होती, हे यावरून दिसते.

निवडणूक संपली आणि बदला सुरू झाला. कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायर या दोनच जिल्ह्यांत मिळून सत्तरच्या आसपास कुळे बेदखल झाल्याची नोंद सापडते. याशिवाय किती जणांचा खंड वाढला, किती जणांचे काम गेले, याची गणती नाही. आकडा लहान वाटेल. पण दहशतीला मोठा आकडा लागतच नाही. गावात एक चूल विझली की उरलेल्या शंभर चुलींना समजते.

इथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्या. या बेदखलीत बेकायदेशीर असे काहीच नव्हते. माझी जमीन, मी कोणाला देईन तो माझा प्रश्न, असे जमीनदार म्हणू शकत होता. कोणी म्हणे, खंड थकला होता. कोणी म्हणे, शेती नीट करत नव्हता. मतामुळे काढले असे कोणीच कबूल करत नव्हते. आज वस्तीतल्या बाईला खुरपणीला का बोलावले नाही असे विचारले तर काय उत्तर मिळते? "या वर्षी काम कमी आहे." दीडशे वर्षांत उत्तर बदललेले नाही.

लोक रडत बसले नाहीत

वेल्सच्या लोकांनी यानंतर जे केले, त्यातून आपण शिकायचे आहे. त्यांनी तीन कामे केली.

पहिले, नोंद. कोणत्या गावातील कोणत्या कुळाला, कोणत्या जमीनदाराने नोटीस दिली, त्याने मत कोणाला दिले होते, खंड थकला होता की नव्हता, ही माहिती गोळा केली. वेल्श वर्तमानपत्रांनी ती छापली.

दुसरे, निधी. सभा घेऊन बेदखल कुटुंबांसाठी वर्गणी जमवली. ज्याने समाजासाठी मार खाल्ला त्याची चूल समाजाने पेटती ठेवायची, हे त्यांना कळले होते. शूराला हार घालून दुसऱ्या दिवशी विसरून जायचे नसते.

तिसरे, कायदा. जुलै १८६९ मध्ये हेन्री रिचर्ड यांनी संसदेत हा प्रश्न उभा केला. भावनिक भाषणावर न थांबता त्यांनी जमवलेली उदाहरणे सभागृहासमोर ठेवली. निवडणुकीतील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी संसदीय समिती नेमली गेली होती, तिच्यासमोरही वेल्समधील साक्षी झाल्या.

गुप्त मतदानाची मागणी नवी नव्हती. चार्टिस्ट चळवळीच्या सहा मागण्यांत ती होती. त्याच चळवळीत नोव्हेंबर १८३९ मध्ये दक्षिण वेल्समधील न्यूपोर्टला सैनिकांच्या गोळीबारात वीसहून अधिक कामगार मारले गेले होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत १८५६ पासून गुप्त मतदान सुरूही झाले होते. मग ब्रिटनमध्ये अडले कुठे?

अडले ते 'मर्दानगी'वर. खुलेपणाने मत देणे हे स्वतंत्र माणसाला शोभते, लपून मत देणे भ्याडपणा आहे, असा युक्तिवाद होता. जॉन स्टुअर्ट मिलसारखा स्वातंत्र्याचा मोठा पुरस्कर्ताही गुप्त मतदानाच्या विरोधात होता. मत ही समाजाने दिलेली जबाबदारी आहे, ती सर्वांसमक्ष पार पाडावी, असे त्याचे म्हणणे. तत्त्व म्हणून ते ऐकायला चांगले आहे. पण त्या तत्त्वाची किंमत मिल देणार नव्हता, कार्डिगनशायरचे कूळ देणार होते. संविधान सभेतील त्याच भाषणात बाबासाहेबांनी मिलचा आदराने दाखला दिला आहे. आम्हीही मिलला मानतो. पण विचारवंत कितीही मोठा असो, ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याची साक्ष घेतल्याशिवाय त्याचा सिद्धांत पूर्ण होत नाही, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

अखेर १८ जुलै १८७२ रोजी गुप्त मतदानाचा कायदा झाला. फक्त वेल्समुळे झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण वेल्सच्या बेदखल कुळांची साक्ष त्यामागे होती.

या कायद्यातील एक नियम आमच्या तरुणांनी पाठ करावा असा आहे. मतमोजणीच्या वेळी प्रत्येक पेटी उघडायची, तिच्यातील मतपत्रिका मोजून तो आकडा नोंदवायचा आणि मग सर्व पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळायच्या. त्यानंतरच कोणाला किती मते पडली हे मोजायचे. का? कारण पेटी गावाची असते. एका माणसाचे मत लपले, पण गावाचे मत उघडे पडले, तर जमीनदार पूर्ण गावालाच धडा शिकवेल. १८७२ च्या कायदेमंडळाला जे कळले होते, ते आपल्या सरकारला २०२० च्या दशकातही कळू नये?

गुप्त मतदानाने काय मिळाले, काय नाही

वेल्समध्ये परिणाम दिसायला वेळ लागला. १८८४ च्या कायद्याने शेतमजुरांना मत मिळाले. १८८९ मध्ये पहिल्यांदा काउंटी कौन्सिलच्या निवडणुका झाल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या गावगाडा चालवणारी जमीनदार घराणी बाजूला पडली आणि शेतकरी, दुकानदार, चॅपेलचे कार्यकर्ते निवडून आले. १८६८ मध्ये लानिस्टमडुई गावात चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी वाढणारा पाच वर्षांचा एक मुलगा होता, डेव्हिड लॉइड जॉर्ज. पुढे मोठा नेता झाल्यावर त्याने जाहीर भाषणात त्या बेदखलीच्या आठवणी सांगितल्या. अर्थमंत्री म्हणून १९०९ च्या अंदाजपत्रकात जमीनदारांच्या जमिनीवर कर आणणारा तो हाच.

पण मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्त्रियांना संसदेचे मत मिळायला १९१८ उजाडले, तेही अर्धवट. बेदखल झालेल्या कुटुंबांना गुप्त मतदानाने त्यांचे शेत परत दिले नाही. १८६८ मध्ये वेल्समधून निवडून गेलेल्यांत जमीनदार आणि भांडवलदारच जास्त होते, चॅपेलचे लोक बोटांवर मोजण्याइतके. मतपेटीने भीती कमी केली, जमिनीची मालकी बदलली नाही. सरकारी चर्चचा वेल्समधील विशेष दर्जा जायला तर १९२० साल लागले. हक्क एका रात्रीत मिळत नाही आणि एका हक्काने सगळे हक्क मिळत नाहीत.

आणि त्याच १८६८ साली आपल्याकडे काय चालले होते? पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तिकडे प्रश्न होता कोणाला मत द्यायचे. इकडे प्रश्न होता पाणी प्यायचे की नाही. दोन देशांच्या लढ्यांतील हे अंतर आम्ही विसरत नाही.

बाबासाहेबांना हे आधीच दिसले होते

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. मतदाराच्या पोटावर पाय देऊन हक्क हिरावला जातो हे बाबासाहेबांना कोणत्याही परदेशी पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. अस्पृश्यांकडे आर्थिक स्वातंत्र्य नाही, ते सवर्णांच्या जमिनीवर कुळे किंवा मजूर आहेत, आणि हक्क मागताच बहिष्काराचे हत्यार त्यांच्यावर उगारले जाते, हे त्या समितीच्या १९३० च्या अहवालाने नोंदवले. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९३७ मध्ये निवडून येताच त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. म्हणजे मत मिळाल्याबरोबर पहिला हात जमिनीला घातला! १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करा असेही सांगितले. या दोन मागण्या एकाच कागदावर का आहेत, हे वेल्सची हकीकत वाचल्यावर कळते.

आज कायदा काही प्रमाणात आपल्या बाजूने आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने मतासाठी धमकावणे आणि मतदानानंतर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हे गुन्हे ठरवले आहेत. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदाही आहे. मग कमी काय पडते? जे वेल्सच्या लोकांनी केले तेच. नोंद, निधी आणि कायद्यातील बदल.

म्हणून आमची पहिली मागणी. केंद्रनिहाय मतमोजणी जाहीर करणे बंद करा. अनेक यंत्रांतील मते एकत्र करून मोजणारे 'टोटलायझर' यंत्र वापरण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. मतपत्रिकांच्या काळात जिथे धाकदपटशाची शक्यता असेल तिथे मते मिसळून मोजण्याची तरतूद आपल्या नियमांत होतीच. केंद्र सरकारने मात्र टोटलायझर स्वीकारलेला नाही. कोणत्या केंद्रावर आपण कमी पडलो हे पक्षांना कळायला हवे, असे सांगितले जाते. पक्षाला कळते तेव्हा गावच्या पाटलालाही कळते, त्याचे काय?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, केंद्रनिहाय आकडा म्हणजे आपली ताकद, तो दाखवूनच आपण वाटाघाटी करतो. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, वाटाघाटी तुम्ही करता, पण खुरपणीचे काम कोणाचे जाते? काही जण म्हणतात, केंद्राचा आकडा नसेल तर यंत्रात गडबड झाली हे कसे ओळखायचे? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर १८७२ च्या त्याच नियमात आहे. आधी प्रत्येक पेटीतील एकूण मते मोजा आणि जाहीर करा, मग मिसळा. किती मते पडली हे केंद्रनिहाय कळू द्या. कोणाला पडली हे कळू देऊ नका.

दुसरे काम आपल्या हातातले आहे. प्रत्येक निवडणुकीनंतर तीन महिने प्रत्येक तालुक्यात एक वही ठेवा. कोणाचे काम बंद झाले, कोणाची वाट अडवली, कोणाला उधारी नाकारली, तारीख, वार, साक्षीदार. तोंडी तक्रारीला ठाण्यात किंमत नाही. जयंतीच्या वर्गणीतील काही हिस्सा अशा कुटुंबांच्या चुलीसाठी बाजूला काढा. डीजेचा एक दिवस कमी झाला तर बाबासाहेब रागावणार नाहीत.

आणि त्या दुसऱ्या तरुणाला आमचे उत्तर असे. मत देऊन काय मिळते हे तुला अजून कळले नसेल, पण तुझ्या मताभोवती लाल गोल काढणाऱ्याला ते पक्के कळले आहे. ज्या गोष्टीची किंमत नाही, तिच्यासाठी कोणी कोणाची मजुरी बंद करत नाही.

त्या गावातील वही त्याच आठवड्यात सुरू झाली आहे. पहिल्या पानावर सात नावे आहेत, सातही बायांची.

जय भीम!